काळजाचा कालखंड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आपल्या मराठीतला 'काळीज' हा शब्द मोठा फसवा आहे. आई लेकराला 'माझ्या काळजाचा तुकडा' म्हणते तेव्हा तिच्या मनात हृदय असतं. पण मटणाच्या दुकानात पाव किलो कलेजी मागितली, तर दुकानदार जे कापून देतो ते हृदय नसतं, यकृत असतं. संस्कृतातल्या अमरकोशात यकृताला आणखी एक नाव आहे, 'कालखंड'. काल म्हणजे काळा आणि खंड म्हणजे तुकडा. रक्ताने गच्च भरलेला, काळसर तांबडा असा तो अवयव एकदा पाहिला की हे नाव का पडलं असेल ते लगेच कळतं. आज मात्र आपण कालखंड म्हणतो तेव्हा आपल्याला वेळेचा तुकडा अभिप्रेत असतो. मला या दोन्ही अर्थांबद्दल बोलायचं आहे. यकृताचं रक्त किती वेळ थांबवता येतं, आणि थांबवलेलं रक्त परत सोडताना काय होतं, या एका प्रश्नापाठी शंभराहून अधिक वर्षं जगभरचे शल्यविशारद लागले आहेत. त्याची ही हकिगत.

यकृत हा आपल्या पोटातला सर्वांत मोठा अवयव. वजन दीड किलोच्या आसपास. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहतं. हृदय मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. हे रक्त दोन वाटांनी येतं. आतड्यांकडून अन्नरस घेऊन येणारी मोठी नीला, जिला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात, ती तीन चतुर्थांश रक्त आणते. उरलेलं रक्त यकृताची रोहिणी आणते. प्राणवायूचा पुरवठा मात्र दोघी साधारण निम्मा निम्मा करतात. एवढ्या रक्ताचा हा अवयव हाताला अगदी मऊ लागतो. टाका घालून दोरा ओढला की दोरा मांस कापत जातो. म्हणूनच शतकानुशतकं यकृताची जखम म्हणजे मरण, असं समीकरण होतं.

जर्मनीतल्या कार्ल लांगेनबुख या सर्जनने १८८८ साली यकृताचा एक भाग ठरवून कापून काढला. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रियाही याच माणसाने १८८२ मध्ये केली होती. यकृताची शस्त्रक्रिया पार पडली, पण काही तासांत रक्तस्राव सुरू झाला आणि त्याला त्याच रुग्णाचं पोट पुन्हा उघडावं लागलं. रुग्ण वाचला. पण अडचण कुठे आहे ते सगळ्यांना कळून चुकलं. यकृत कापता येतं. रक्त आवरता येत नाही.

यावरचा उपाय ग्लासगो शहरातल्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल या सर्जनने १९०८ साली लिहून ठेवला. यकृताकडे जाणाऱ्या दोन्ही रक्तवाहिन्या आणि पित्ताची नळी या तिन्ही गोष्टी एका पातळ पडद्याच्या घडीत एकत्र बांधल्यासारख्या असतात. त्या घडीच्या मागे बोट जाईल एवढी एक नैसर्गिक वाट आहे. तर्जनी त्या वाटेने मागे घालायची, अंगठा पुढे ठेवायचा आणि दाबायचं. दोन्ही वाटा एकाच वेळी बंद. प्रिंगलसमोर जे रुग्ण होते ते यकृत फाटून आलेले, आधीच रक्त गेलेले होते. त्याने ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, ते शेवटी वाचले नाहीत. तरीही त्याने लेख लिहिला, कारण त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं की दोन बोटं दाबल्यावर रक्त थांबतं आणि फाटलेली जागा स्वच्छ दिसते. आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत या युक्तीला त्याचंच नाव आहे. त्यासाठी ना यंत्र लागतं, ना औषध.

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातला, उंद्री गावचा. शल्यचिकित्सा शिकलो आणि पुढे तीच केली आणि शिकवली. सुटीत गावी गेलो की पारावर गप्पा होत. एकदा प्रिंगलची ही गोष्ट सांगत होतो, तेव्हा आमच्या भावकीतल्या एका आबाजींनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, "पण बापू, रगत बंद केल्यावर काळीज मरत नाई का?" हाच प्रश्न प्रिंगलनंतरच्या सगळ्या सर्जनांना पडला होता.

उत्तर शोधायला आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले. ते घाबरवणारे निघाले. रक्ताची वाट थोडा जास्त वेळ बंद ठेवली की कुत्री मरत. पोर्टल व्हेन बंद झाली की आतड्यांतलं रक्त पुढे सरकत नाही, तिथेच तुंबतं आणि रक्तदाब कोसळतो. कुत्र्यांत हे फार तीव्रतेने होतं. माणसातही असंच होणार असं धरून पाठ्यपुस्तकांनी मर्यादा आखली, पंधरा, फार तर वीस मिनिटं. पुढची काही दशकं सर्जन घड्याळाकडे पाहत यकृतावर हात चालवत राहिले.

या घाईतून एक विलक्षण माणूस घडला. हनोईचे टोन थाट टुंग. फ्रेंच राजवटीतल्या व्हिएतनाममध्ये त्यांनी शवविच्छेदनात मिळालेली जवळपास दोनशे यकृतं सोलून आतल्या वाहिन्यांची जाळी अभ्यासली. कुठली फांदी कुठे जाते हे पाठ झाल्यावर ते यकृत सुरीने कापत नसत. रक्त थांबवायचं, यकृताचं मांस बोटांनी चुरडायचं. मांस सुटतं, पण चिवट वाहिन्या बोटांना लागतात, त्या एकेक बांधायच्या आणि काही मिनिटांत मोकळं व्हायचं, अशी त्यांची पद्धत. १९३९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, तेव्हा फ्रान्समध्ये त्याची कदर झाली नाही. १९५० च्या दशकात फ्रान्समध्येच क्लोद कुइनो यांनी यकृताचे आठ भाग दाखवले आणि प्रत्येक भागाला स्वतःचा रक्तपुरवठा असतो हे मांडलं. मग हनोईच्या त्या कामाचं मोल साऱ्यांना समजलं.

मर्यादेची भीती मोडली ती १९७८ मध्ये. पॅरिसच्या क्लोद ह्युगे आणि सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांचे अनुभव मांडले. शरीराचं तापमान नेहमीचं असताना, बर्फ न वापरता, माणसाचं निरोगी यकृत तासाभरापर्यंत रक्ताविना तग धरतं असं त्यांना दिसलं. आबाजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. काळीज लगेच मरत नाही.

पण उरलेलं अर्धं उत्तर जास्त गमतीचं आहे आणि जास्त महत्त्वाचंही. शस्त्रक्रिया नीट पार पडते, चिमटा सोडला जातो, यकृत पुन्हा लालबुंद होतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही रुग्णांचं यकृत ढासळू लागतं. रक्त तर परत आलं होतं. मग बिघडलं कुठे?

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे कोडं पडणार नाही. लाइट गेली म्हणून विहिरीवरची मोटार जळत नाही. ती परत येते, एकदम जादा दाबाने येते किंवा तीनपैकी दोनच फेज येतात, तेव्हा मोटार जळते. रात्री-बेरात्री लाइट आली आणि मोटार आपोआप चालू झाली, की सकाळी रिवायंडिंगच्या दुकानाची वाट धरावी लागते. यकृताचं तसंच आहे. इजा होते ती रक्त थांबल्याने थोडी, आणि रक्त परत आल्याने बरीच.

हे सिद्ध करणारा एक प्रयोग मला फार आवडतो. १९८६ मध्ये अमेरिकेत पार्क्स आणि ग्रेंजर या संशोधकांनी मांजरांच्या आतड्यांवर तो केला. काही मांजरांच्या आतड्याचं रक्त चार तास तोडलं. काहींचं तीन तास तोडलं आणि चौथ्या तासाला परत सोडलं. वेळ दोन्हीकडे सारखा. आपल्याला वाटेल, ज्यांना एक तास रक्त मिळालं त्यांची आतडी बरी असतील. निघालं उलटं. त्यांचंच नुकसान जास्त होतं.

याची कारणं तोवर हळूहळू उलगडू लागली होती. रक्त थांबलं की पेशीजवळचं ऊर्जेचं भांडवल संपतं आणि त्याच्या मोडतोडीतून निघालेला कचरा साठत जातो. मग प्राणवायू एकदम आला की त्या कचऱ्यातून प्राणवायूचीच काही अतिशय तापट रूपं तयार होतात. ड्यूक विद्यापीठातल्या जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये अशा तापट प्राणवायूला निवळवणारं एक विकर आपल्या शरीरातच असतं हे दाखवून दिलं होतं. रक्त परत येताना हा बंदोबस्त तोकडा पडतो. शिवाय यकृताचे स्वतःचे पहारेकरी असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कुफर यांनी १८७६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या कुफर पेशी. त्या खवळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि या साऱ्या गर्दीत यकृतातल्या केसाहून बारीक वाटा बंद होतात. म्हणजे मोठ्या नळीत रक्त वाहतंय, पण पेशीच्या दारात पोहोचत नाही.

मग उपाय काय? तापट प्राणवायू निवळवणारी औषधं, स्टेरॉइड, इतर रसायनं, बरंच काही तपासून झालं. प्राण्यांत जे चमकलं, त्यातलं फारच थोडं माणसांत टिकलं. खरी दिशा मिळाली ती हृदयावरच्या एका प्रयोगातून आणि तीही औषधाविना.

१९८६ सालचीच गोष्ट. ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रोहिणी चाळीस मिनिटं बंद केली. काही कुत्र्यांत मात्र त्याआधी ती पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, असं चार वेळा केलं. हिशेबाने या दुसऱ्या गटाचं नुकसान जास्त व्हायला हवं, कारण त्यांचं रक्त एकूण वीस मिनिटं अधिक थांबलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्या हृदयाचा मेलेला भाग पहिल्या गटाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढा भरला. छोट्या टंचाईने पेशींना मोठ्या टंचाईची तयारी करायला लावली होती. पण याला मर्यादाही होती. रोहिणी तीन तास बंद ठेवली तर हा फायदा दिसेनासा झाला.

पियर-अलँ क्लाव्हियन या सर्जनने ही कल्पना माणसाच्या यकृताकडे आणली. त्याने २००० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत आधी दहा मिनिटं रक्त थांबवायचं, दहा मिनिटं सोडायचं आणि मग अर्धा तास थांबवून शस्त्रक्रिया करायची. पुढे २००३ मध्ये शंभर रुग्णांवरच्या अभ्यासात यकृताची इजा कमी झालेली दिसली, तरुण रुग्णांत विशेष. त्याच सुमारास फ्रान्समध्ये जाक बेल्गिती यांनी १९९९ मध्ये दुसरी, आणखी साधी वाट पक्की केली. पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, पुन्हा पंधरा मिनिटं बंद. रक्त थोडं जास्त जातं, पण यकृताला सोसतं. ज्यांचं यकृत आधीच आजारी आहे, त्यांना तर जास्तच. नंतरच्या तुलनांत या पद्धतींमुळे मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक पडल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. कुशल हाती शस्त्रक्रिया आता इतकी सुरक्षित झाली आहे की फरक मोजायलाही अवघड जातो. तरीही पंधरा-पाचचा हा ताल बहुतेक ठिकाणी रुळला आहे. शस्त्रक्रियागृहात एक परिचारिका भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोठ्याने मिनिटं सांगते आणि सगळे तिचं ऐकतात.

आजारी यकृताचा उल्लेख मी मुद्दाम केला. दारूने जाड झालेलं, कावीळ-ब च्या विषाणूने पोखरलेलं किंवा मधुमेहाबरोबर चरबी साठलेलं यकृत रक्ताची टंचाई फार कमी सोसतं. पूर्वी खेड्यातलं यकृत म्हटलं की दारूच आठवायची. आता गावातही दारूचा थेंब न घेणाऱ्याच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असं लिहून येतं. त्या दोन शब्दांकडे आपण काणाडोळा करतो. उद्या कुठल्याही कारणाने मोठी शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर ते दोन शब्द आड येऊ शकतात.

या हकिगतीची दुसरी धार आहे प्रत्यारोपणाची. तिथे तर यकृत शरीराबाहेरच काढायचं असतं. थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर इथे पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण, एक लहान मूल, शस्त्रक्रियेतच गेला. १९६७ पासून रुग्ण वर्षभर जगू लागले. आपल्या मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, म्हणजे बर्नार्ड यांच्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. ते धाडस होतं आणि त्यामागे प्राण्यांवरच्या प्रयोगांची मोठी तयारीही होती. पण मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे यायला १९९४ साल उजाडावं लागलं. १९९८ मध्ये दिल्लीत एका तान्ह्या मुलाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला गेला आणि भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं. आपल्या विदर्भात, नागपुरात, हे २०१८ साली घडलं.

बाहेर काढलेलं यकृत जपायचं कसं? पहिला उपाय बर्फ. थंडीत पेशीची भूक कमी होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदार्ड यांनी १९८० च्या दशकात एक खास द्रावण तयार केलं आणि सहा-आठ तासांची मुदत बारा तासांपर्यंत व त्यापलीकडे गेली. पण थंडीतून बाहेर काढून रक्त सोडलं की तीच जुनी मोटार जळायची गोष्ट. म्हणून आता यकृत बर्फात नुसतं ठेवण्याऐवजी यंत्राला जोडून त्यातून द्रव फिरवत ठेवतात. ऑक्सफर्डच्या चमूने केलेल्या यंत्रात यकृताला शरीराच्या तापमानाला रक्त मिळत राहतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सव्वादोनशेच्या आसपास प्रत्यारोपणं होती आणि रक्तातल्या विकरांवरून मोजलेली यकृताची इजा निम्मी झाली होती. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये थंड पण प्राणवायू मिसळलेला द्रव फिरवून पाहिला. त्यात पित्ताच्या नळ्या आकसण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. तत्त्व तेच आहे: पुरवठा परत सुरू करायचा, पण सबुरीने.

ही यंत्रं फार महाग आहेत आणि प्रत्यारोपणाचा खर्चही लाखांच्या घरात जातो. उंद्रीच्या माणसाला या इतिहासाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी यंत्राचं नाव घेणार नाही. मी रस्त्याचं नाव घेईन.

ट्रॅक्टर उलटतो, मोटारसायकल घसरते, बैल पोटात शिंग मारतो, बाळंतिणीला रक्तस्राव होतो. रक्त गेलं आणि दाब घसरला की शरीर मेंदू आणि हृदयासाठी रक्त राखून ठेवतं आणि आतडी, यकृत यांचा पुरवठा तोडतं. म्हणजे कुणीही चिमटा न लावता यकृताची वाट बंद होते. शस्त्रक्रियागृहात आम्ही पंधरा मिनिटं काटेकोर मोजतो. गावातून तालुक्याला, तालुक्याहून बुलढाण्याला, तिथून अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाताना गाडीत पडलेल्या माणसाची मिनिटं मात्र कुणी मोजत नाही. त्यात गाडी शोधण्याचा वेळ, पाव्हण्यांना फोन करण्याचा वेळ, कुठल्या दवाखान्यात न्यायचं या वादाचा वेळ. पोटाला मार लागलेला माणूस चालतोय, बोलतोय म्हणून त्याला घरी झोपवतात आणि पहाटे तो पांढराफटक पडतो. असे रुग्ण मी आयुष्यभर पाहिले. त्यांतले पुष्कळ वेळेवर आले असते तर त्यांना शस्त्रक्रियाही लागली नसती, कारण यकृताच्या बहुतेक जखमा आज नुसत्या नीट लक्ष ठेवून, रक्त देऊन बऱ्या करता येतात. ज्यांना लागते, त्यांच्यासाठी प्रिंगलची दोन बोटं आहेत आणि जखमेभोवती घट्ट बसवायचे कापडी पॅड आहेत. तेवढं करून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात सुखरूप पाठवता येतं. हे ज्ञान जिल्ह्याच्या पातळीवर पोहोचू शकतं.

काही गोष्टी चांगल्या घडल्या आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून धावते आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. २०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे शिकून निघणाऱ्या मुलामुलींनी प्रिंगलचं नाव परीक्षेपुरतं पाठ न करता ती दोन बोटं कुठे ठेवायची ते हाताने शिकावं, असं मला फार वाटतं.

आणि आपण काय करावं? पोटाला जोराचा मार लागला तर रक्त दिसत नाही म्हणून थांबू नये. घाम, तहान, धाप, वाढलेली नाडी यांतलं काहीही दिसलं तर लगेच निघावं. फॅटी लिव्हर असेल तर वजन आणि साखर आटोक्यात आणावी. घरात कधी मेंदूमृत्यूचा प्रसंग ओढवला, तर अवयवदानाचा निर्णय लवकर घ्यावा, कारण तिथेही तास मोजलेले असतात. पारावरच्या त्या आबाजींना मी तेव्हा एवढंच सांगितलं होतं की काळीज लगेच मरत नाही, थोडी सवड देतं. ती सवड किती, हे शोधायला शंभर वर्षं आणि कितीतरी रुग्णांचे प्राण लागले. ती वाटेत वाया घालवू नये.